चाकोरी

गहू पोटरीत आला होता आणि तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. मुलीने ड्रोन वर नेला, चारी बांधांवरून एक फेरी मारली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅबलेट माझ्यापुढे सरकवला.

"बाबा, इथून पूर्वी रस्ता जात होता का?"

हिरव्या गव्हात दोन फिकट रेघा होत्या. अगदी समांतर. फाटकापासून निघालेल्या, मधल्या उताराला वळसा घालून खालच्या टोकापर्यंत गेलेल्या. बांधावर उभं राहून त्या कधीच दिसल्या नव्हत्या. तिथून गहू सगळा सारखाच दिसतो, वारा आला की एकत्र वाकतो. वरून मात्र स्पष्ट. कुणीतरी पट्टी ठेवून ओढल्यासारख्या.

तिथे रस्ता कधीच नव्हता. त्या रेघा माझ्या होत्या. चार वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी मी भरलेली ट्रॉली घेऊन तिथून सहा खेपा केल्या होत्या. शेवटच्या तीन खेपांना मिळून फक्त चाळीस मिनिटं लागली. मला इतकं नेमकं आठवतं, कारण मी घड्याळ लावून काम करत होतो.

हवाई दलात मी बावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक मालवाहू विमानांवर. नोकरी सोडून घरच्या शेतीवर परतलो तेव्हा ओळखीचे लोक म्हणाले, "चाकोरी सोडलीस, धाडस केलंस." शब्द मला तेव्हा नुसता म्हणीसारखा वाटला. चाकोरी म्हणजे चाकांनी जमिनीत पाडलेली खोल रेघ, जिच्यात मागून येणारं प्रत्येक चाक आपोआप उतरतं. मी ती सोडली, असं लोक म्हणत होते. प्रत्यक्षात पहिल्याच हंगामात मी स्वतःच्या हाताने एक पाडली.

*

तो दिवस असा होता. मका कापून शेताच्या खालच्या अंगाला पडला होता. आदल्या दिवशी सर येऊन गेली होती आणि रात्री मोठा पाऊस येणार, असा अंदाज होता. मी नकाशा काढला, अंतर मोजलं, किती खेपा, प्रत्येकीला किती मिनिटं, अंधार कधी पडतो. सगळं बसत होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेताच्या कडेला उकिडवे बसले. वीतभर खोलीवरची माती काढून त्यांनी मुठीत दाबली, अंगठ्याने टोचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाफसा नाही. उद्या-परवा बघू."

मी म्हणालो, उद्या-परवा काय बघणार, आज रात्री पाऊस आहे.

ते उठले, हात झटकले आणि घरात गेले. एक शब्दही नाही.

मी मका आणला. रात्री साडेदहाला पाऊस कोसळला. पत्र्यावर त्याचा आवाज ऐकत मी पडलो होतो आणि मला अतिशय बरं वाटत होतं. धोका वेळेत ओळखला, निर्णय घेतला, माल सुरक्षित. स्क्वाड्रनमध्ये अशा कामगिरीचं कौतुक झालं असतं. एवढंच नाही, तो मका खरोखर वाचला होता. म्हणून तर ती चूक होती हे मानायला मला चार वर्षं लागली.

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्याचा अर्थ मला चाळिशीनंतर कळला. पाऊस पडून गेल्यावर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निघून जातं आणि तिथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांत मात्र ओल राहते. मुळांना दोन्ही लागतं. ती अवस्था म्हणजे वाफसा. त्याच्या आधी जमिनीवर वजन आलं तर ओली माती दबते, कण एकमेकांवरून घसरतात आणि त्या पोकळ्या मिटतात. वरचा थर पुढच्या नांगरटीत मोकळा होतो. नांगराच्या खाली जे दबतं ते सहज मोकळं होत नाही. वर्षं जातात, कधी दशकं जातात.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे हे शास्त्र मला येत होतं. फक्त उलट्या बाजूने येत होतं.

मालवाहू विमान कच्च्या धावपट्टीवर उतरवायचं असेल तर आधी तिथली माती तपासतात. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यांसाठी एक चाचणी तयार केली होती. एक दट्ट्या मातीत ठरावीक वेगाने दाबायचा आणि चांगल्या फोडलेल्या खडीच्या तुलनेत ती माती किती टक्के प्रतिकार करते ते मोजायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी तीच धावपट्ट्यांसाठी वापरली. मैदानावर त्याऐवजी टोकदार शंकू लावलेली एक सळई हाताने जमिनीत दाबून चटकन अंदाज घेता येतो. आकडा जितका मोठा तितके आम्ही खूश. टायरमधली हवा किती, चाकं किती, एका चाकावर भार किती, हे सगळं त्या आकड्याशी ताडून बघायचं.

शेतीवर आल्यावर दुसऱ्या वर्षी माती तपासायला एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी पिशवीतून जे काढलं ते बघून मी दचकलो. तीच सळई, तोच शंकू. फक्त त्यांना आकडा लहान हवा होता. दोन मेगापास्कलच्या (हे दाब मोजायचं एकक) पुढे प्रतिकार गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळपास थांबतात, असं त्या म्हणाल्या. चाकांच्या जागी सळई वीतभर गेली आणि थबकली. त्यांनी जोर लावला. ती गेली नाही.

ज्या मातीवर विमान उतरवायला मी आनंदाने तयार झालो असतो, त्या मातीत गव्हाचं मूळ उतरायला तयार नव्हतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रुंद, मऊ टायर लावले की वरच्या थरावरचा दाब कमी होतो. खोलवरचा दाब मात्र मुख्यतः आसावर एकूण वजन किती, यावर ठरतो. म्हणजे टायर बदलून वरवरची खूण पुसता येते, खालची नाही. मी त्या दिवशी मान डोलावली. ऐकलं, पण ते आत गेलं नाही.

*

लोक विचारतात, आकाशाची आठवण येते का? पहाटेचा तो निळा प्रकाश, खाली ढगांचा पांढरा पट्टा, पुढे कुणीच नाही. येते. पण ज्याची उणीव रोज जाणवते ते आकाश नाही. ते डीब्रीफ आहे.

उड्डाण संपलं की तासाभरात सगळे एका खोलीत बसायचे. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. तिथे हुद्दा बाजूला ठेवायची रीत होती. वैमानिक स्वतःच म्हणायचा, मी वळण उशिरा घेतलं. त्याच्या मागे बसणारा सर्वांत ज्युनियर लोडमास्टर, म्हणजे माल सांभाळणारा, म्हणू शकायचा, सर, दरवाजा उघडायचा इशारा दोन सेकंद आधी आला. चूक गरम असतानाच हातात मिळायची आणि दुसऱ्या दिवशी सुधारता यायची. बावीस वर्षं मी अशा जगात वावरलो जिथे चुकीला लगेच आवाज होता. घंटा वाजायची, दिवा लागायचा, दांडा थरथरायचा.

शेतात तसं काही वाजत नाही. चूक मातीत जाते आणि गप्प बसते. पुढच्या वर्षी ती उगवून येईल, किंवा चौथ्या वर्षी, आणि तोवर तुम्ही त्याच चुकीला यश समजून ती आणखी तीनदा केलेली असेल.

ही गोष्ट मला आणखी एका जागी फार दुखली. आमच्या पेशाला शेतीशी जोडणारा एक दिवस आहे, आणि नोकरीत असताना मी त्याच्याबद्दल अभिमानाने सांगत असे. ३ ऑगस्ट १९२१. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ जॉन मॅकरेडी नावाच्या सैन्यातल्या लेफ्टनंटने कर्टिस जेएन-६ विमानातून कॅटल्पाच्या झाडांवर कीड मारण्याची पूड सोडली. विमानातून केलेली पहिली औषधफवारणी म्हणून ती ओळखली जाते. अळ्या पटापट मेल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील, मीही वाजवल्या असत्या. ती पूड होती लेड आर्सेनेट, म्हणजे शिसं आणि आर्सेनिक. फळबागांमध्ये ती आधीपासूनच वापरात होती आणि नंतरही अनेक वर्षं राहिली. अमेरिकेत त्यावर बंदी आली १९८८ साली. शिसं आणि आर्सेनिक कुजत नाहीत, विरघळून वाहूनही फारसे जात नाहीत. जुन्या बागांच्या वरच्या थरात ते आजही सापडतात, बाग तोडून झाली, तिथे घरं उभी राहिली, तरी. मॅकरेडीला मी दोष देत नाही. त्याला दिसत होत्या त्या अळ्या, आणि त्या मेल्या. त्याच्या कामगिरीचा खरा डीब्रीफ व्हायला साठ-सत्तर वर्षं लागणार होती, आणि तिथे तो नसणार होता.

*

पहिल्या वर्षी मी घरात डीब्रीफ सुरू करायचा प्रयत्न केला. पेरणी झाली त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी वही उघडली आणि म्हणालो, आज काय चुकलं ते प्रत्येकाने सांगू या. आणि सुरुवात करून द्यायची म्हणून मीच सांगितलं की अण्णांनी बी भरायला वेळ लावला, त्यात वीस मिनिटं गेली.

टेबलावर कुणी बोललं नाही. आईने ताटं उचलली. अण्णा हात धुवायला गेले ते परत आले नाहीत.

रात्री बायको म्हणाली, "ही तुझी स्क्वाड्रन नाही. तिथे तुम्ही हुद्दा बाजूला ठेवायचात, म्हणून खरं बोलू शकायचात. इथे बाजूला काय ठेवणार? ते तुझे वडील आहेत, ते कसं बाजूला ठेवतील?"

मला उत्तर नव्हतं. घरच्या शेतीत हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जगातल्या शेतांपैकी ९० टक्क्यांहून जास्त शेतं कुटुंबं चालवतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे पृथ्वीवरच्या शेतीचे बहुतेक निर्णय अशाच टेबलांवर होतात, जिथे कुणाचा तरी गुडघा दुखतो आहे, कुणाला तरी तीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य आठवतं आहे, आणि कुणीतरी काहीच बोलत नाही. कॉकपिटमध्ये मौन म्हणजे बिघाड. घरात मौन म्हणजे पुष्कळ काही असू शकतं, आणि ते वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

सैनिक आणि शेतकरी म्हटलं की रोमच्या सिनसिनाटसची गोष्ट हमखास निघते. माझ्या निरोपसमारंभातही ती निघाली. इसवी सनपूर्व ४५८. सिनेटचे दूत आले तेव्हा तो टायबर नदीपलीकडच्या आपल्या छोट्या शेतात राबत होता. त्याला सर्वाधिकारी केलं, त्याने शत्रूला हरवलं आणि सोळाव्या दिवशी अधिकार सोडून तो परत नांगराकडे गेला. रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेल्या या कथेत एक स्त्री आहे. रॅसिलिया, त्याची बायको. दूत आल्यावर तो तिला झोपडीतून आपला झगा आणायला सांगतो, ती आणते, आणि कथेतून निघून जाते. शेत होतं चार युगेरा, म्हणजे साधारण एक हेक्टर. त्या सोळा दिवसांत ते कुणी बघितलं? गोष्ट सांगणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. शेतीवर आल्यावर मला तो सोडून दुसरा प्रश्नच पडेना.

कारण मी सोळा दिवस नव्हे, बावीस वर्षं बाहेर होतो.

त्या वर्षांचा माझा हिशेब लॉगबुकमध्ये आहे. चार हजार आठशे तास, प्रत्येक ओळीवर सही, प्रत्येक पानावर शिक्का. आईचीही एक वही आहे. खरं तर सात वह्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून तिने रोज रात्री एखादी ओळ लिहिली. कुठलं रान पेरलं, पाऊस किती बोटं, कुठली गाय व्यायली, कुठल्या बांधावर साप दिसला. कुठेही सही नाही. "मुलगा आला" आणि "मुलगा गेला" या ओळी वर्षातून दोनदा, पेरणीच्या नोंदीइतक्याच अक्षरात. मी त्या वह्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा दोन दिवस कुणाशी नीट बोलू शकलो नाही.

*

सगळंच उलटं पडलं असं नाही. बरंच काही जसंच्या तसं उपयोगी आलं, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

हवामान, उदाहरणार्थ. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचंच अंतर उरलं की वैमानिक धुक्याची वाट बघतो. शेतात तेच अंतर पानावरच्या ओलीबद्दल बोलतं, आणि पानावर ओल किती तास टिकली यावर बुरशी ठरते. बटाट्यावरच्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये १९५६ साली स्मिथ नावाच्या हवामानतज्ज्ञांनी एक नियम घालून दिला होता. सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि रोज किमान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा वर, तर करपा येणार असं समजा. २०१७ मध्ये ते ११ तास कमी करून ६ करण्यात आले, कारण रोग त्याआधीच पसरताना दिसत होता. हा नियम वाचला तेव्हा मला एखादा जुना सहकारी भेटल्यासारखं झालं. आकडे ओळखीचे होते, फक्त त्यांचं काम बदललं होतं.

एक फरक मात्र मोठा. उड्डाणाला निघताना पर्यायी विमानतळ ठरलेला असतो, आणि तिथवर पोचेल इतकं इंधन टाकीत असल्याशिवाय आम्ही चाक हलवत नसू. वादळ समोर आलं की वळायचं. शेत वळवता येत नाही. गारा येणार हे कळलं तरी ते जिथे आहे तिथेच राहतं आणि आपण खिडकीत उभे राहतो. पहिली दोन वर्षं हे मला अंगावर यायचं. मग हळूहळू लक्षात आलं की अण्णांची राखीव टाकी होतीच, मी तिला अडगळ समजत होतो. कोपऱ्यातला एका हंगामाचा जादा चारा, पत्र्याच्या डब्यांतलं दोन वर्षं जुनं बी, तीन रानांत तीन वेगळी पिकं. मी आल्या आल्या जे "अकार्यक्षम" म्हणून मोडीत काढायला निघालो होतो, ते सगळं.

दुसरी गोष्ट, तपासणी यादी. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने सुकाणू हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. त्या उड्डाणाच्या मुख्य वैमानिकासह दोघे गेले. दोघंही कच्चे नव्हते. उलट इतके अनुभवी होते की कुणी त्यांना आठवण करून द्यावी असं कुणाला वाटलं नसतं. वैमानिकांच्या लेखी याद्या त्या अपघातानंतर रुजल्या. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तशी यादी लावली आहे. मागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सैल बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना शेतीला खाणकाम आणि बांधकामाच्या बरोबरीने सर्वांत धोक्याच्या कामांत धरते, आणि हे मी ज्यांना सांगतो त्यांना खरं वाटत नाही. लढाऊ दलातून सुखरूप बाहेर पडलो, आता शेतात काय होणार, असं त्यांना वाटतं. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. तोवर ट्रॅक्टर उलटून किती घरांतला माणूस गेला असेल, त्यातल्या बहुतेकांच्या जवळ त्या क्षणी कुणीही नसेल. विमानात यादी वाचणारा दुसरा आवाज असतो. शेतात मी ती मोठ्याने वाचतो आणि उत्तरही मीच देतो.

ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे, तर हॅरी फर्ग्युसनबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शेतीचं काम त्याला आवडत नव्हतं, म्हणून तो यंत्रांकडे गेला आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेल्या विमानातून उडाला. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण. म्हणजे तोही शेतातून आकाशात पळाला होता. मग पहिल्या महायुद्धात त्याला ट्रॅक्टरची नांगरट सुधारायचं काम मिळालं आणि तो परत मातीकडे वळला. तेव्हाचे नांगर ट्रॅक्टरमागे नुसते ओढले जात. फाळ दगडात अडकला की पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने नांगर तीन बिंदूंनी ट्रॅक्टरला असा जोडला की दोघांचं मिळून एकच यंत्र झालं. नांगराची ओढ ट्रॅक्टरलाच जमिनीवर धरून ठेवू लागली. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. १९४६ ते १९५६ या काळात त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर पाच लाखांहून जास्त निघाला, आणि आज जगात जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तेच तीन बिंदू आहेत. वजन कुठे आहे आणि ते कुठे असायला हवं, हा विमान बांधणाऱ्याचा प्रश्न. तो त्याने जमिनीला विचारला. मागे अवजार जोडताना, पिना बसवताना, मला दर वेळी तो आठवतो.

हलक्या ट्रॅक्टरचं महत्त्व मला त्या सळईने शिकवलं. आमचा आजचा ट्रॅक्टर मी आल्यावर घेतलेल्यापेक्षा लहान आहे.

*

परत त्या फोटोकडे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाचे निरीक्षक होते. वैमानिकाच्या जोडीला बसून खालची जमीन बघणं हे त्यांचं काम. युद्धानंतर ते पुरातत्त्वाकडे वळले आणि वरून काढलेल्या छायाचित्रांतून इतिहास वाचू लागले. जमिनीखाली बुजलेला खंदक असेल तर तिथे माती खोल असते, ओल टिकते, पीक उंच आणि गर्द होतं. खाली भिंत असेल तर पीक खुरटतं, लवकर पिवळं पडतं. कोरड्या हंगामात हे जास्त उठून दिसतं. १९२३ मध्ये क्रॉफर्डनी हवाई दलाच्या छायाचित्रांवरून स्टोनहेंजकडे, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाकडे, जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा हरवलेला भाग शोधला. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी खणलेलं, मग शतकानुशतकं नांगराखाली गेलेलं, आणि तरी मातीत राहिलेलं. शेतात चालणाऱ्याला ते कळलं नसतं.

हे मला सेवेत असताना माहीत होतं. आपल्याच गव्हात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

टॅबलेट टेबलावर पडला होता. मी मुलीला म्हणालो, "रस्ता नाही, ते मी केलंय." आणि ती संध्याकाळ सांगितली. अण्णा खुर्ची ओढून जवळ आले. आता त्यांना कमी दिसतं, त्यांनी पडदा जवळजवळ नाकाला लावला. मी वाट बघत होतो. चार वर्षांत ते त्या दिवसाबद्दल एकदाही बोलले नव्हते.

त्यांचं बोट माझ्या रेघांवर थांबलंच नाही. ते वरच्या कोपऱ्यात गेलं, जिथे एक फिकट गोल होता. इतका पुसट की आम्हा दोघांना तो दिसला नव्हता.

"हे खळं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं. इथे मळणी व्हायची. बैल फिरायचे."

माझ्या आठवणीत तिथे खळं नव्हतं. मी जन्मायच्या आधीच ते मोडून रान केलं होतं. मग त्यांचं बोट पूर्वेच्या बांधालगत सरकलं. तिथेही दोन रेघा होत्या, माझ्यापेक्षा अरुंद, मध्येच तुटलेल्या.

"आणि हे माझं. पहिला ट्रॅक्टर घेतला त्या वर्षीचं. तू शाळेत होतास."

"ओल्या जमिनीत नेला होतात?"

"पाऊस येणार होता," अण्णा म्हणाले.

आई भांडी लावत होती. ती आत गेली आणि सहावी वही घेऊन आली. तिला पान शोधावं लागलं नाही. चार वर्षांपूर्वीची ती तारीख, निळ्या शाईत एक ओळ: मका घरात आला. जमीन ओली होती.

त्या रात्री आम्ही फार वेळ टेबलावर बसलो. कोणत्या रानात कधी काय झालं, कुठे पाणी साचतं, कुठली चूक कुणाची. अण्णा बोलत होते, आई वहीतून तारखा सांगत होती, बायको नकाशावर खुणा करत होती, मुलगी त्या टॅबलेटवर उतरवत होती. मी प्रश्न विचारले नाहीत.

*

यंदा मका त्याच रानात होता. कापणी अर्ध्यावर आली आणि पश्चिमेला ढग भरून आले. अंदाज रात्रीचा होता. ट्रॉली फाटकाशी उभी होती, इंजिन गरम होतं. खाली पडलेल्या मक्याकडे मी बघितलं आणि हात आपोआप घड्याळाकडे गेला. तीन खेपा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

मुलगी फावडं घेऊन रानात शिरली. वीतभर खणून तिने माती काढली, मुठीत दाबली, बोटांत वळून बघितली. मातीची वळी झाली. लांब, चकचकीत, तुटत नव्हती. अण्णा काठीवर हनुवटी टेकून दारातून बघत होते. तिने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"अजून नाही, बाबा."

मी इंजिन बंद केलं. आम्ही हाताने उचलता येईल तेवढा मका टोपल्यांतून बांधावर आणला, अंधार पडेपर्यंत, पाचही जणांनी. बराचसा मागे राहिला.

रात्री दोन वाजता पत्र्यावर पहिले थेंब पडले तेव्हा मी जागाच होतो. शेजारच्या खोलीत अण्णाही जागे होते. त्यांचा खोकला ऐकू येत होता, आणि थोड्या वेळाने आईची वही उघडल्याचा आवाज.